काचबिंदू आणि लेसर : उशिरा लागलेल्या एका निकालाचा इतिहास

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे आपल्या घरांतून इतकी जोडीने उच्चारली जातात की ऐकणाऱ्यास ती सख्खी भावंडे वाटावीत. प्रत्यक्षात त्यांचे नाते नावापुरतेच आहे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून त्याजागी कृत्रिम भिंग बसवले की बहुधा गेलेली दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस झिजते आणि तिचा जो भाग गेला तो कायमचा गेला. म्हणूनच मोतीबिंदूचा रोगी चार महिने थांबला तरी सहसा चालते. काचबिंदूच्या रोग्याला थांबणे परवडत नाही. त्यातून हा विकार असा मुकाट, की नजरेच्या कडा झिजत येतात तरी समोरचे वाचन चालूच राहते. घरची माणसे म्हणतात, वय झाले, आता असेच व्हायचे.

या विकारावर लेसर-किरणांचा उपचार निघाला त्याला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्याचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचून काढला. आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे; आमची हयात सरकारी कचेरीत गेली. तरीही हा इतिहास आम्हांस परका वाटला नाही. एखाद्या प्रकरणात पुरावा समोर असूनही निकाल लागायला किती काळ जातो, आणि मधल्या काळात नुकसान कोणाचे होते, हा प्रश्न आमच्या चांगलाच परिचयाचा आहे. काचबिंदूच्या लेसराची हकीकत म्हणजे असाच एक उशिरा लागलेला निकाल होय.

प्रथम डोळ्यातल्या पाण्याची व्यवस्था थोडक्यात पाहू. येथे अश्रूंचा संबंध नाही. डोळ्याच्या आत एक स्वच्छ द्रव अखंड पाझरत असतो. डोळ्याचा रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, हिच्या मागे तो तयार होतो, बाहुलीच्या छिद्रातून पुढे येतो आणि पारदर्शक पटल व परितारिका जेथे मिळतात त्या कोनातून बाहेर जातो. त्या कोनात गाळणीसारखी एक बारीक जाळी असते आणि जाळीपलीकडे एक सूक्ष्म नाली. आवक-जावक जुळली तर डोळ्यातला दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर इतका राहतो. जाळी तुंबली तर तो हळूहळू वाढतो. हा उघड्या कोनाचा काचबिंदू. परितारिका पुढे सरकून कोनच मिटला तर तो बंद कोनाचा. काहींची नस सामान्य दाबातही झिजते हे खरे. परंतु दाब उतरवणे हाच आजपर्यंत सिद्ध झालेला उपाय आहे. पुढचा सारा इतिहास या एका कामाभोवती फिरतो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 76 नेत्ररोगांची गणना आहे. त्यांतील ‘अधिमंथ’ या रोगात डोळा घुसळून काढल्याप्रमाणे वेदना होतात आणि अर्धे मस्तक ठणकते, असे वर्णन येते. एकाएकी उसळणाऱ्या काचबिंदूशी हे वर्णन जुळते असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ग्रीकांनी डोळ्याच्या निळसर-हिरवट झाकेवरून दिलेले नाव युरोपात रूढ झाले, पण त्या नावाखाली मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची शतकानुशतके सरमिसळ झाली. 1622 मध्ये रिचर्ड बॅनिस्टर या इंग्रज नेत्रवैद्याने बरा न होणाऱ्या अंधत्वात डोळा बोटांना टणक लागतो अशी नोंद केली. हाताला लागणारा तो टणकपणा म्हणजेच वाढलेला दाब होता.

येथे तंजावरचे स्मरण होणे साहजिक आहे. राजे सरफोजी दुसरे (1777–1832) यांनी ‘धन्वंतरी महाल’ या संस्थेतून औषधांचे प्रयोग करविले आणि नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या. महाराष्ट्रापासून दूर नांदणाऱ्या एका मराठी राजाने रोग्यांची लेखी हकीकत जपावी, ही गोष्ट आपणां सर्वांस अभिमानाची आहे. मोतीबिंदू त्या काळीही शस्त्राने हाताळता येई. काचबिंदूपुढे मात्र तंजावर काय आणि लंडन काय, सारेच हतबल होते.

ती हतबलता बर्लिनमध्ये संपली. अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे या तरुण नेत्रशल्यवैद्याने 1856 च्या सुमारास उसळलेल्या काचबिंदूत परितारिकेचा एक लहान तुकडा कापून काढला आणि दाब उतरला. 1857 मध्ये त्याने ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती का लागू पडते याचे त्या काळचे स्पष्टीकरण मात्र पुढे टिकले नाही. बाहुलीपाशी अडलेल्या पाण्याला त्या छिद्रातून दुसरी वाट मिळते हे खरे कारण विसाव्या शतकात उमगले. उपाय खरा आणि त्याचे सांगितलेले कारण चुकीचे, असा हा पहिला प्रसंग. पुढे तो पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी ध्यानात ठेवावा.

यानंतर औषधे आली. आफ्रिकेतील कॅलाबार शेंगेच्या अर्काचा आणि ब्राझीलमधील जॅबोरँडी वनस्पतीतून मिळणाऱ्या पायलोकार्पिनचा उपयोग 1876–77 मध्ये काचबिंदूवर सुरू झाला. शस्त्रक्रियेच्या मार्गावर आपल्या देशाचेही एक ठिकाण आहे. मद्रासचे नेत्ररुग्णालय 1819 मध्ये स्थापन झाले. तेथील अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी 1909 मध्ये डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला काठाशी एक लहान गोल छिद्र पाडून पाणी बाहेर वळवण्याची पद्धत सुरू केली आणि ती जगभर पसरली. 1968 मध्ये इंग्लंडमधील केर्न्स यांनी तिच्याहून सुरक्षित अशी शस्त्रक्रिया मांडली, आणि तीच पुढे प्रमाण मानली गेली. तीतही गंमत अशी की पाणी नालीच्या कापलेल्या तोंडातून जाईल अशी मूळ अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते डोळ्यावरील पातळ आवरणाखाली झिरपून दाब उतरवी.

म्हणजे 1970 पर्यंत वैद्यांपाशी दोनच मार्ग होते : रोज घालायचे थेंब, किंवा शस्त्र. थेंब जन्मभर घालावे लागतात आणि शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा, क्वचित दृष्टी गमावण्याचाही धोका असतो. या दोहोंच्या मध्ये तिसरी वाट काढली ती प्रकाशाने.

प्रकाशाने डोळ्याच्या आत इलाज करता येईल ही कल्पना लेसराहून जुनी आहे. 9 जुलै 1945 च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका रोग्याच्या दृष्टिपटलावरील भाजल्याचा व्रण हॅम्बुर्गमधील तरुण नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेरात यांच्या पाहण्यात आला. सूर्य जे अपघाताने करतो ते आपण हेतुपुरस्सर का करू नये, असे त्यांच्या मनात आले. आरशांनी सूर्यप्रकाश खाली आणून त्यांनी फाटू पाहणारी दृष्टिपटले डागली. ढग आले की काम थांबे. मग कर्बाच्या दांड्यांमधील विद्युत्ज्वाला आणि त्यानंतर झेनॉन वायूचा प्रखर दिवा आला. या दिव्याने 1956 मध्ये त्यांनी परितारिकेला छिद्र पाडूनही पाहिले, म्हणजे ग्रेफेची शस्त्रक्रिया शस्त्रावाचून करण्याचा तो यत्न होता. परंतु तो प्रकाश फार पसरट होता. आजूबाजूचे पटल आणि मागचे भिंग भाजू लागले, म्हणून तो मार्ग सोडावा लागला.

हवा होता तो एकाच रंगाचा, एकाच दिशेचा, केसाहून बारीक ठिकाणी एकवटणारा प्रकाश. त्याचे तत्त्व आइन्स्टाइन यांनी 1917 मध्ये मांडले होते. 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर-किरण काढला. पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये तो माणसाच्या डोळ्यावर वापरला गेला. त्याने दृष्टिपटलावरील एक गाठ जाळली. लेसराने वैद्यकात जे पहिले पाऊल टाकले ते डोळ्यात, हे नैसर्गिकच होते. कारण शरीरात प्रकाशाला आत जाऊ देणारी दुसरी खिडकी नाही.

काचबिंदूत त्याचा उपयोग करू पाहणाऱ्यांच्या मनात प्रारंभी एकच विचार होता, तो म्हणजे भोक पाडण्याचा. जाळी तुंबली आहे, तर तिला छिद्रे पाडावीत, पाणी वाहील. मॉस्कोचे मिखाईल क्रास्नोव यांनी माणिक-लेसराचे क्षणिक झोत जाळीवर सोडले आणि 1973 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. दाब उतरला, पण छिद्रे भरून आली आणि दाब पुन्हा चढला. 1974 मध्ये तर उलटाच प्रत्यय आला. अमेरिकेतील गास्टरलँड आणि कुप्फर यांनी माकडांच्या जाळीवर आर्गॉन लेसराचा मोठा मारा वारंवार केला, तेव्हा दाब वाढून त्या माकडांना काचबिंदूच झाला. औषधाची मात्रा चुकली की त्याचे विष होते, हा आपल्या वैद्यांचा जुना अनुभव प्रकाशालाही लागू पडला.

येथवर आलेल्या कोणीही हा नाद सोडला असता. ओक्लाहोमातील जेम्स वाइज यांनी मात्र प्रश्न फिरवला. त्यांच्या मते वयोमानाने जाळी सैल पडते आणि तिच्या फटी मिटतात. तेव्हा तिला भोक पाडू नये, तर गोलाकार सर्वत्र हलके ठिपके डागून ती किंचित आवळावी, म्हणजे ठिपक्यांमधल्या फटी ताणून उघडतील. 1979 मध्ये वाइज व विटर यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा ठिपका, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ, आणि कोनाच्या पूर्ण वर्तुळावर सुमारे शंभर ठिपके, असे प्रमाण होते. छिद्र एकही नाही; तरी दाब उतरला आणि महिनोन्‌महिने उतरलेला राहिला.

त्याच सुमारास, 1978 मध्ये, टिमोलॉल नावाचे प्रभावी थेंब अमेरिकेत मान्य झाले होते. त्यामुळे प्रथम थेंब, ते अपुरे पडले तर लेसर, आणि शेवटी शस्त्र, असा क्रम आपोआप रूढ झाला. हा क्रम कोणी चाचणी घेऊन ठरवला नव्हता. जे सोयीचे ते प्रथम, इतकाच त्याचा आधार. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या आश्रयाखाली मग एक रीतसर तुलना झाली. 271 नव्या रोग्यांच्या एका डोळ्यावर आधी लेसर आणि दुसऱ्या डोळ्यात आधी टिमोलॉल, अशी ती योजना होती. 1990 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांअखेर केवळ लेसरावर भागलेले डोळे शेकडा 44 होते, तर केवळ टिमोलॉलवर भागलेले शेकडा 30. पुढील वर्षांच्या पाहणीतही आधी लेसर दिलेले डोळे मागे पडले नाहीत.

इतका पुरावा पुढे आल्यावर क्रम बदलायला हवा होता. तो बदलला नाही. सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना याचे नवल वाटणार नाही. एखादी पद्धत परिपत्रकाशिवाय रूढ झाली तरी ती मोडण्यासाठी मात्र दहा परिपत्रके लागतात. तथापि न्यायाने बोलायचे तर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. एका डोळ्यातले टिमोलॉल रक्तावाटे दुसऱ्या डोळ्यातही थोडा दाब उतरवते, त्यामुळे तुलना निर्भेळ राहिली नाही. आर्गॉन लेसराने जाळीवर व्रण उरत, काळाबरोबर परिणाम ओसरे आणि त्याच जागी पुन्हा उपचार केल्यास फारसा गुण येत नसे. शिवाय 1996 मध्ये लॅटॅनोप्रोस्ट हे दिवसातून एकदाच घालायचे अधिक गुणकारी थेंब आले. लेसराची फाइल पुन्हा खालच्या कप्प्यात गेली.

ती वर आली ती एका वेगळ्या विचाराने. 1983 मध्ये अँडरसन आणि पॅरिश या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते की प्रकाशाचा झोत पुरेसा क्षणिक असला तर रंगद्रव्य असलेल्या पेशीच तेवढ्या तापतात आणि उष्णता शेजारी पसरण्याआधीच झोत संपतो. याच तत्त्वावर मार्क लॅटिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 पासून जाळीतल्या रंगद्रव्ययुक्त पेशींवर काम केले. त्यांचा हिरवा किरण एका ठिपक्यावर केवळ तीन नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एकअब्जांश भागाच्या तिप्पट इतकाच वेळ टिकतो. वाइज यांच्या ठिपक्याशी ताडून पाहता हा काळ तीन कोटी पटींहून कमी भरतो. ठिपका आठपट रुंद, पण ऊर्जा पूर्वीच्या कित्येक पटींनी कमी. जाळी भाजत नाही, व्रण राहत नाही. निवडक पेशींना बसलेल्या त्या हलक्या धक्क्याने शरीराची स्वतःची सफाई-यंत्रणा जागी होते, भक्षक पेशी गोळा होतात आणि पाण्याची वाट मोकळी होते. व्रण नसल्यामुळे काही वर्षांनी हा उपचार पुन्हा करता येतो. 2001 मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

भोक पाडू पाहणारा लेसर, आवळणारा लेसर आणि जागे करणारा लेसर, असा हा तीन पायऱ्यांचा प्रवास आहे. प्रत्येक पायरीवर बळ कमी झाले आणि गुण वाढला. वाइज यांच्या उपचारातही केवळ आवळणे हेच कारण नसून पेशींचे जागे होणे हेही होते, असे पुढच्या संशोधनावरून दिसते. ग्रेफेच्या वेळी घडले तेच पुन्हा घडले. हाताला उपाय आधी सापडला, बुद्धीला कारण मागाहून.

आणि अखेरीस निकाल. 2012 ते 2014 या काळात युनायटेड किंगडममधील सहा रुग्णालयांत 718 नव्या रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली : एका गटास प्रथम हा नवा लेसर, दुसऱ्यास प्रथम थेंब. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील गस गझार्ड यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. लेसर गटातील शेकडा 74 रोगी तीन वर्षांनंतरही थेंबांवाचून अपेक्षित दाब राखून होते. त्या अवधीत थेंबांच्या गटातील 11 जणांना काचबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. लेसर गटात एकालाही नाही. सहा वर्षांच्या पाहणीतही लेसर गटात रोग बळावण्याचे प्रमाण कमी आढळले. जानेवारी 2022 मध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने नव्या रोग्यांस हा लेसर प्रथम देऊ करावा अशी शिफारस केली. 1990 पासून मोजल्यास बत्तीस वर्षे होतात. या काळात किती वृद्धांनी थरथरत्या हाताने अर्धे थेंब गालावर सांडले असतील आणि किती जणांनी काही दुखत नाही म्हणून ते मध्येच सोडून दिले असतील, याची मोजदाद कोण करणार?

मात्र उत्साहाच्या भरात दोन मर्यादा नजरेआड होऊ नयेत. हा लेसर उघड्या कोनाच्या रोग्यांसाठी आहे, आणि गेलेली दृष्टी तोही परत आणत नाही. रोग फार पुढे गेला असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते. बंद कोनाचा प्रकार आशियातील लोकांत अधिक आढळतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशी उलटलेल्यांपैकी सुमारे 1 कोटी 12 लाख लोकांना काचबिंदू होता. त्यांपैकी सुमारे 65 लाख उघड्या कोनाचे आणि 25 लाख बंद कोनाचे. या दुसऱ्या वर्गासाठी निराळा, ‘याग’ नावाचा लेसर 1980 नंतर प्रचारात आला. तो परितारिकेला क्षणार्धात सूक्ष्म छिद्र पाडतो. ग्रेफेची शस्त्रक्रियाच ती, चाकूवाचून. पण कोन नुसता अरुंद असलेल्या प्रत्येकास ते छिद्र सरसकट पाडण्याची गरज नाही, हे चीनमधील ग्वांगझौ येथे 889 लोकांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. कोणता प्रकार, कोणता उपाय, हे कोनात डोकावून पाहणारा तज्ज्ञच सांगू शकेल.

आपल्याकडे खरी अडचण लेसराच्या यंत्राची नाही. मोठ्या नेत्ररुग्णालयांत ते उपलब्ध असते. अडचण आहे ती रोग्याला पत्ताच नसण्याची. चेन्नई परिसरातील ग्रामीण पाहणीत उघड्या कोनाचा काचबिंदू आढळलेल्यांत शंभरात 98 हून अधिक जणांना आपणांस तो आहे हे ठाऊकच नव्हते. जो उपाय फक्त उरलेले राखतो, तो उशिरा पोहोचला तर राखणार तरी काय?

या ठिकाणी आपल्या घराण्यांविषयी एक सूचना करावीशी वाटते. काचबिंदू हा बऱ्याच अंशी वंशातून येणारा विकार आहे. आईबाप किंवा भावंडे यांपैकी कोणास तो असल्यास धोका कित्येक पटींनी वाढतो. आपण पूर्वजांची गावे सोडून पिढ्यान्‌पिढ्या दूर स्थायिक झालेली माणसे. म्हणूनच कदाचित वंशावळी आणि कुलवृत्तांत आपण अधिक निष्ठेने जपतो. कोणत्या आजोबांना इनाम मिळाले, कोणत्या पणजोबांनी वाडा बांधला, हे त्यांत सापडते. कोणत्या आजीची नजर साठीनंतर कडांकडून विझत गेली, ते मात्र सापडत नाही. ‘म्हातारपणी दिसेनासे झाले’ या एका वाक्यात ते सारे मिटून जाते. कुलवृत्तांताची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा त्यात हा एक रकाना घालावा. आणि ज्यांच्या घरी अशी नजर गेल्याची आठवण आहे, त्यांनी चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब, कोन आणि नस तपासून घेण्याचा परिपाठ ठेवावा. तंजावरच्या राजाने रोग्यांच्या नोंदी ठेवविल्या तेव्हा काचबिंदूवर उपाय नव्हता. आज उपाय आहे. नोंदी ठेवणे तेवढे आपल्याकडे राहिले आहे.